नणंदेचं देणं आणि पासबुकातला जुना कोड

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून मुद्द्याचा मजकूर तेवढा इथे देतो.

"मालक मागच्या वर्षी गेले. त्यांच्या दवाखान्याला पैसे कमी पडले तेव्हा सुरतेच्या नणंदेनं न मागता एक लाख वीस हजार दिले. ती म्हणते, वहिनी, घाई नही शे. पण मला ते ओझं वाटतं. यंदा कापूस विकला, पैसे खात्यात आले, म्हणून फेडायला बँकेत गेले. नणंदेनं पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. मुलगा अकरावीला आहे, त्यानं बघून फॉर्म भरला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत दिला, म्हणाल्या, हा कोड चालत नाही. मागे रांग होती, जास्त विचारता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी फोन आला, बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्याचा आयएफएससी बदललाय, लिंक पाठवतो, ओटीपी सांगा. मी घाबरून फोन ठेवला. आता दीर म्हणतात, कशाला बँकेची कटकट, ओळखीचं कोणी सुरत गाडीनं जाईल त्याच्याजवळ रोख देऊ. भाऊ, एक अक्षर चुकलं तर माझे पैसे जातात कुठं? आणि मी काय करू? आजवर हे सगळं मालकच बघायचे."

ताई, फोन ठेवलात हे फार बरं केलंत. आणि त्या बाईंनी फॉर्म परत दिला हेही तुमच्या भल्याचंच झालं. कारण सांगायला त्यांना दोन मिनिटं मिळाली असती तर तुमची रात्र सुखात गेली असती, एवढंच. मी खान्देशातल्या शाखांमध्ये एकतीस वर्षं त्याच काउंटरच्या पलीकडे बसलो आहे, तेव्हा ती दोन मिनिटं आज मी देतो.

पत्रासोबत तुम्ही त्या फोटोची प्रिंट जोडली आहे. नणंदबाईंचं पासबुक देना बँकेच्या सुरतेतल्या उधना शाखेचं आहे, आणि कोडाची पहिली चार अक्षरं बीकेडीएन अशी आहेत. देना बँक आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या दोन्ही बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. जुने कोड त्यानंतर काही काळ चालू ठेवले होते, ते १ मार्च २०२१ पासून बंद झाले. नणंदबाईंचं खातं जागेवर आहे, पैसे आहेत, एटीएम कार्डही चालत असणार. फक्त त्यांनी बऱ्याच वर्षांत पासबुक बदलून घेतलेलं नाही आणि कपाटातलं जुनं पान तुम्हाला पाठवलं. मुलाचं काही चुकलं नाही. त्यानं समोर होतं तेच लिहिलं.

असं कितीतरी जणांचं झालं आहे. २०२० च्या १ एप्रिलला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. या बँकांची जुनी पासबुकं, जुनी चेकबुकं अजून ट्रंकांमध्ये पडून आहेत आणि लोक त्यातूनच कोड उतरवून देतात.

आता तो कोड, म्हणजेच आयएफएससी, काय असतो ते बघा, म्हणजे भीती निम्मी होईल. अकरा जागा असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची: स्टेट बँक असेल तर एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्र असेल तर एमएएचबी, बडोदा असेल तर बीएआरबी. पाचव्या जागी कायम शून्य. शेवटच्या सहा जागा शाखेच्या, त्यात कुठे आकडे असतात, कुठे अक्षरं. सगळ्यात जास्त चुका त्या पाचव्या जागेवर होतात. लोक शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहितात. बडोदावाले तर म्हणूनच कोडाशेजारी कंसात छापतात, की पाचवं अक्षर शून्य आहे. मुलाला हे एकदा दाखवून ठेवा.

आणि चेकच्या तळाशी जे आकडे छापलेले असतात त्यात नऊ आकड्यांचा एक गट असतो, तो एमआयसीआर. तो चेक वटवायच्या कामाचा. पैसे पाठवायच्या फॉर्मवर तो लिहायचा नसतो. मी नोकरीत असताना रोज एखादा तरी फॉर्म तसा यायचा.

एक अक्षर चुकलं तर पैसे कुठे जातात, हा तुमचा खरा प्रश्न. असा कोड कुठल्याच शाखेचा नसेल, तर पैसे तुमच्या खात्यातून निघतच नाहीत. संगणक तिथेच अडवतो, तुमचा फॉर्म अडला तसा. कोड त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला, म्हणजे उधन्याऐवजी सुरतेतल्याच दुसऱ्या शाखेचा, तर बहुतेक वेळा पैसे बरोबर खात्यातच जमा होतात, कारण आता एका बँकेच्या सगळ्या शाखांची खाती एकाच संगणकात असतात. कोड भलत्याच बँकेचा पडला, तर त्या बँकेत तसा खाते नंबर बहुधा नसतो, आणि पैसे परत येतात. एनईएफटीत, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या या पद्धतीत, त्यासाठी नियम आहे: ज्या खेपेत पैसे गेले ती खेप पुरी झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेनं एक तर जमा करायचे नाही तर परत पाठवायचे. उशीर केला तर बँकेला व्याज द्यावं लागतं.

म्हणजे बघा, कोडाची चूक बहुतेक वेळा आपोआप सापडते. ताई, खरी भीती खाते नंबराची आहे. कोडाचं काम पैसे बँकेपर्यंत नेण्याचं. आत गेल्यावर ते कुणाच्या खात्यात पडणार हे एकटा खाते नंबर ठरवतो. फॉर्मवर तुम्ही नणंदबाईंचं नाव कितीही सुवाच्य लिहा, समोरची बँक ते नाव जुळवून बघायला बांधील नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना तसं स्पष्ट लिहून कळवलं होतं, की जमा फक्त खाते नंबरावरून करा, नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. हे माहीत नसल्यामुळे माणसं नाव नीट लिहितात आणि नंबर घाईत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१२ मध्ये मी ज्या शाखेत पासिंग ऑफिसर, म्हणजे फॉर्म तपासून मंजूर करणारा, होतो तिथे चोपड्याकडचे एक शेतकरी आले. मुलगा पुण्याला शिकायला, घरमालकाला डिपॉझिट आणि भाडं मिळून ६४,००० पाठवायचे होते. नंबर बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या कोपऱ्यावर लिहून आणलेला. मुलानं फोनवर सांगितलेला, यांनी तो गुडघ्यावर पाकीट धरून उतरवलेला. त्यातला इंग्रजी एक त्यांच्या हातून असा पडला होता की तो सात वाचला गेला. फॉर्मवर सात, संगणकात सात. मी नावावर बोट ठेवून वाचलं, रक्कम वाचली, नंबर फॉर्मशी ताडून बघितला, तो जुळला, कारण फॉर्मच चुकीचा होता. मी पास केलं. पाचव्या दिवशी घरमालकाचा मुलाला फोन, पैसे आले नाहीत. तो सातवाला नंबर खरंच कुणाचा तरी होता. पैसे त्याच्या खात्यात पडले आणि त्यातले बरेचसे त्यानं काढूनही टाकले होते. समोरच्या बँकेनं त्याला बोलावलं, समजावलं, आणि चार महिन्यांत तीन हप्त्यांनी ते परत आले. त्या चार महिन्यांत ते शेतकरी दर सोमवारी माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. कापूस वेचून बोटांना पडलेले ओरखडे, ते हात टेबलावर ठेवलेले, आणि तोंडातून एक शब्द नाही. मला आजही ते हात दिसतात. त्या दिवशी मी एवढं विचारलं असतं की दादा, हा एक आहे का सात, तर झालं असतं.

म्हणून आता तुम्ही काय करायचं ते नीट सांगतो.

आधी नणंदबाईंना फोन करा. जुन्या पासबुकाचा फोटो नको म्हणा. त्यांनी उधन्याच्या आपल्या शाखेत जाऊन नवं पासबुक छापून घ्यावं, किंवा बडोदाचं चेकबुक असेल तर त्यातल्या एका चेकवर दोन आडव्या रेघा मारून मध्ये 'कॅन्सल्ड' लिहावं आणि त्याचा फोटो पाठवावा. त्या चेकवर सही करू नये. चेकवर नाव, खाते नंबर, कोड, शाखा हे सगळं एकाच जागी छापील मिळतं, हातानं उतरवायचा प्रश्न राहत नाही. कोड बदललाय तसा त्यांचा खाते नंबरही बदललेला असू शकतो, हे त्यांना आवर्जून सांगा. बडोदाचा खाते नंबर चौदा आकडी असतो. त्यांनी दिलेला नंबर त्याहून लहान असेल तर समजा की तो जुनाच आहे.

तुम्हाला कदाचित वाटेल, खाते नंबर आणि कोड असा फोनवरून पाठवला तर धोका नाही का? नाही. एवढ्यावरून कुणी पैसे टाकू शकतो, काढू शकत नाही. मात्र पासबुकाच्या पहिल्या पानावर पत्ता, मोबाइल, ग्राहक क्रमांक असं बरंच असतं, ते गावभर फिरवायचं काही कारण नाही. त्यापेक्षा रद्द केलेला चेक बरा.

मग मुलाला बसवा. घरीच, रांगेत उभं राहून नव्हे. खाते नंबर लिहून झाला की ताडून बघायची एक रीत सांगतो, बँकेत जुनी माणसं तसंच करायची. मुलानं चेकच्या फोटोतून नंबर शेवटच्या आकड्याकडून पहिल्याकडे, उलटा वाचायचा, आणि तुम्ही फॉर्मवर बोट मागे मागे सरकवायचं. सरळ वाचताना डोळा पुढचं गृहीत धरतो, दोन शून्यांच्या जागी तीन आहेत हे दिसतच नाही. उलटं वाचलं की प्रत्येक आकड्यावर थांबावं लागतं. तुम्हाला इंग्रजी आकडे येतात ना, तेवढं पुरे. मग कोड तसाच, आणि पाचव्या जागी शून्य आहे ना ते बघा.

कोड खरंच त्या शाखेचा आहे का याची खात्री रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर होते, तिथे सगळ्या बँकांच्या शाखांचे कोड आहेत. मुलगा बघू शकेल. पण मोबाइलवर नुसतं शोधून जे पहिलं पान उघडेल त्यावर विसंबू नका. तसल्या कितीतरी पानांवर अजून बंद झालेल्या बँकांचे कोड तसेच पडून आहेत.

बँकेत गेल्यावर फॉर्मसोबत चेक लागेल. 'पे' च्या पुढे 'युवरसेल्फ फॉर एनईएफटी' असं लिहायचं, रक्कम अंकी आणि अक्षरी. सही करून कोरा चेक कुणाच्याही हाती देऊ नका, अगदी मदत करणाऱ्या ओळखीच्या माणसाच्याही. चेकबुक नसेल तर फॉर्मवरच खात्यातून रक्कम वळती करायला संमती देता येते का ते विचारा.

आणि काउंटरवर एक गोष्ट मागा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. म्हणा, "मॅडम, पाठवायच्या आधी या खात्याला नाव कुणाचं दिसतंय ते बघून सांगा." रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढलं आणि एनईएफटी आणि मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस करणाऱ्या बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय द्यायला सांगितली. खाते नंबर आणि कोड घातला की समोरच्या बँकेच्या नोंदीतलं खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. मोबाइल बँकिंगमध्ये येतं तसं शाखेत आलेल्या माणसालाही ते सांगायचं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. माझ्या त्या चोपड्याच्या शेतकऱ्यांच्या वेळी ही सोय असती, तर ते चार महिने वाचले असते. ही सोय आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला.

तरीही, एक लाख वीस हजार एकदम पाठवू नका. पहिल्यांदा शंभर रुपये पाठवा. दहा हजारांपर्यंतच्या एनईएफटीला शाखेत फार तर अडीच रुपये आणि त्यावर जीएसटी लागतो. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या खेपेनं जाते, दिवसाला ४८ खेपा. डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, सुट्टीलाही चालते, तुमची शाखा मात्र तिच्या वेळेतच फॉर्म घेणार. तासा-दोन तासांनी नणंदबाईंना फोन करा आणि विचारा, शंभर आले का, कुणाच्या नावानं आले. त्यांनी तुमचं नाव वाचून दाखवलं की मग बाकीचे. तेव्हा खाते नंबर पुन्हा नव्यानं लिहू नका, शंभराच्या फॉर्मची काउंटर स्लिप समोर ठेवून तोच उतरवा आणि तोच उलटा ताडा. एक ते दोन लाखांच्या मधल्या रकमेला शाखेत जास्तीत जास्त पंधरा रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे. बचत खात्यातून मोबाइलवर किंवा नेट बँकिंगवर तीच एनईएफटी केली तर काहीच लागत नाही. आरटीजीएस तुमच्यासाठी नाही, ती दोन लाखांपासून पुढे. मुलगा म्हणेल यूपीआयनं करू, पण साधारण एका दिवसाची मर्यादा एक लाखाची असते, शिवाय एवढी मोठी रक्कम पोराच्या हातातल्या मोबाइलवरून जाऊ नये असं माझं मत आहे.

आता त्या फोनबद्दल. तुमचा फॉर्म परत आला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की हे बँकेतूनच फुटलं. तसं असायलाच हवं असं नाही. हे लोक रोज शेकडो नंबरांवर तेच वाक्य फेकतात, आणि ज्याच्या मनात आधीच कोडाची काळजी आहे त्याला ते खरं वाटतं. लक्षात ठेवा, बँकेनं कोड बदलला तर ती तो शाखेत फलकावर लावते, एसएमएसनं कळवते, नवं पासबुक छापून देते. त्यासाठी तुमच्याकडून तिला काहीच लागत नाही. ओटीपी म्हणजे तुमची सही. कोड बदलायला तुमची सही कशाला? आणि पैसे घ्यायलासुद्धा ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. बँकेचा फोन नंबर हवा असेल तर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा घ्या. मोबाइलवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर' नंबर कित्येकदा ठगांनीच टाकलेला असतो.

चुकून कधी कुणाला ओटीपी दिलाच गेला, तर रडत बसू नका, कुणाला सांगायची लाजही बाळगू नका. त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा असते.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. "आजवर हे सगळं मालकच बघायचे." ताई, तुमच्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलेला आहे? बहुतेक त्यांचाच असणार. आपल्याकडे घरातल्या बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नंबर लावायची सवयच आहे. ते गेल्यावर त्या नंबराचं रिचार्ज कुणी केलं नसेल, तर तो बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. मग तुमच्या खात्यातून पैसे निघाल्याचा मेसेज, ओटीपी, सगळं त्या अनोळखी माणसाला जाणार. हे काम नणंदेच्या देण्याच्याही आधी करा. आधार कार्ड आणि पासबुक घेऊन शाखेत जा, मोबाइल बदलायचा अर्ज द्या, स्वतःचा नंबर लावा. मुलाचा नको, तुमचा. पैसे पाठवाल तेव्हा रक्कम वजा झाल्याचा मेसेज तुमच्याच हातातल्या फोनवर यायला हवा. मालकांचं स्वतःचं खातं वेगळं असेल आणि त्यांचं एटीएम किंवा मोबाइल ॲप घरात कुणी वापरत असेल, तर ते थांबवा. त्यांच्या मृत्यूचा दाखला देऊन ते खातं बंद करा आणि त्यातले पैसे वारसाच्या नावे करून घ्या.

दीरांचं म्हणणं. त्यांचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. भुसावळ-सुरत गाडीनं इकडून तिकडे खाऊची पिशवी, लोणच्याची बरणी, पैशांचं पाकीट नेणं ही खान्देशाची जुनीच रीत आहे. अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत कितीतरी पाकिटं उधन्याला सुखरूप पोचली आहेत. पण गर्दीच्या डब्यात एक लाख वीस हजार कुणाच्या कमरेला बांधून पाठवणं म्हणजे त्या माणसाच्या जिवालाही घोर. पाकीट हरवलं तर देणं तसंच राहणार आणि वर नातं तुटणार. शिवाय वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने पैसे रोखीनं परत करायला आयकर कायद्याची मनाई आहे, दंड फेडलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. दिरांना हे शांतपणे सांगा, ते समजून घेतील.

तुमच्या गावात पतसंस्था असेल आणि पुढेमागे कुणी तिच्या खात्यावर पैसे पाठवायला सांगितलं तर एक ध्यानात असू द्या. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिचा स्वतःचा असा कोड नसतो. तिथले लोक जो कोड देतात तो त्यांचं खातं ज्या बँकेत आहे तिचा. म्हणजे पैसे तुमच्या माणसाच्या नावावर न जाता आधी पतसंस्थेच्या खात्यात जातात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं तसं नाही, तिला कोड असतो, तो शाखेतून विचारून घ्या. आणि पीएम किसानच्या दोन हजारांची काळजी यात घालू नका, ते पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, कोडाशी त्यांचा संबंध नाही.

एवढं सगळं करूनही कधी चूक झालीच, तर काय? पावतीवर यूटीआर नावाचा एक नंबर असतो, एनईएफटीचा सोळा अक्षरी. तो घेऊन त्याच दिवशी आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती त्या खातेदाराशी बोलते. त्याच्या संमतीशिवाय बँक पैसे परस्पर काढून घेऊ शकत नाही, म्हणून वेळ लागतो. पण चुकून आलेला पैसा त्याचा होत नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं ७२ वं कलम सांगतं, चुकीनं मिळालेलं धन परत करावंच लागतं. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

नणंदबाईंना पैसे पोचले की एक काम करा. यूटीआरची पावती आणि त्यांचा 'मिळाले' असा मेसेज कागदावर छापून मालकांच्या दवाखान्याच्या फाईलमध्ये लावून ठेवा. उद्या मुलगा मोठा होईल, फाईल उघडेल, तेव्हा आत्यानं किती दिले आणि आईनं कधी फेडले हे त्याला कुणाला विचारायला लागणार नाही.